महाकाय ग्रहाच्या कक्षेत यान शिरते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या शाळांत आणि वाचनालयांत गुरू-शनीच्या मोहिमांवर बोलताना काही प्रश्न हमखास येतात, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे वाचक तेच प्रश्न नंतर लिहूनही पाठवतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नात अधिक सविस्तर आला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. यान ग्रहाच्या कक्षेत शिरले म्हणजे नेमके काय झाले? ते तिथे जाऊन थांबते का?

थांबत नाही. रायबंदरहून निघालेली फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागताना वेग कमी करत करत जवळजवळ शून्यावर आणते, तसे इथे काही घडत नाही. ग्रहाच्या ओढीमुळे यानाचा वेग जवळ येता येता उलट वाढत जातो, आणि सर्वांत जवळच्या बिंदूपाशी तो सर्वाधिक असतो. कक्षाप्रवेश म्हणजे त्या वाढलेल्या वेगातला एक लहानसा हिस्सा इंजिनाने कमी करणे, म्हणजे यान ग्रहाला ओलांडून कायमचे दूर न जाता लांबट वाटेने पुन्हा त्याच्याकडे परत येते. एवढा बदल झाला की ते त्या ग्रहाचा कृत्रिम उपग्रह होते. आधी सूर्याभोवती फिरणारे यान आता ग्रहाभोवती फिरू लागले, हाच त्या घटनेचा अर्थ.

२. आजपर्यंत किती यानांनी हे साधले आहे? व्हॉएजर त्यांत धरायचे का?

महाकाय ग्रहांच्या, म्हणजे गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यूनच्या, बाबतीत फक्त तीन यानांनी. गॅलिलिओ ८ डिसेंबर १९९५ रोजी गुरूच्या, कॅसिनी १ जुलै २००४ रोजी शनीच्या आणि जुनो ५ जुलै २०१६ रोजी गुरूच्या कक्षेत शिरले (या तारखांबद्दल प्रश्न ९ पाहावा). पायोनियर १० आणि ११, व्हॉएजर १ आणि २, युलिसिस आणि न्यू होरायझन्स ही याने या ग्रहांच्या जवळून गेली, पण ती तिथे राहिली नाहीत. व्हॉएजरने दिलेले ज्ञान अमूल्य आहे, मात्र जवळून जाणाऱ्या यानाला ग्रह नीट पाहायला काही दिवस मिळतात, तर कॅसिनीला तेरा वर्षे मिळाली. शनीच्या उत्तर गोलार्धातला हिवाळा सरून उन्हाळा येताना पाहणे केवळ त्यामुळे शक्य झाले.

३. हे यान गोव्यातून दुर्बिणीतून दिसते का?

दिसत नाही, आणि जगातल्या कुठल्याही दुर्बिणीतून दिसत नाही. कॅसिनीची उंची सात मीटरच्या आतबाहेर होती आणि शनी आपल्यापासून सुमारे १२० ते १६५ कोटी किलोमीटर दूर असतो. ग्रह मात्र उत्तम दिसतात. गुरूचे चार मोठे चंद्र साध्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) दिसतात, शनीची कडी पाहायला लहान दुर्बीण पुरते, आणि पणजीत जुंता हाऊसच्या वर सार्वजनिक वेधशाळाही आहे.

आपली अडचण पावसाळ्याची आहे. कॅसिनी आणि जुनो दोन्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोचले, तेव्हा कोकणपट्टीवर मळभ असते. कॅसिनी पोचले त्या दिवसांत तर शनी सूर्याच्या इतका जवळ आला होता की निरभ्र आकाशातही तो दिसला नसता. गॅलिलिओ पोचले तो डिसेंबर महिना आपल्याकडे आकाशदर्शनाला उत्तम, पण त्या वेळी गुरू सूर्याच्या जवळ होता. यापुढचे यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचे आहे (प्रश्न १९), आणि त्या महिन्यात गुरू अंधार पडल्यावर तासा-दोन तासांत पूर्वेला उगवून पहाटेपर्यंत आकाशात असेल. तोपर्यंत एखादी द्विनेत्री मिळवून ठेवावी, असे मी प्रत्येक शाळेला सांगतो.

४. तिथे पोचायला पाच-सात वर्षे का लागतात? अधिक शक्तिशाली रॉकेट वापरून लवकर जाता येणार नाही का?

लवकर जाता येते. न्यू होरायझन्स जानेवारी २००६ मध्ये निघाले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये, म्हणजे अवघ्या तेरा महिन्यांत, गुरूजवळून गेले. पण त्याला तिथे राहायचे नव्हते. ज्याला राहायचे आहे त्याच्यासाठी लवकर पोचणे हा तोटा ठरतो, कारण जितक्या वेगाने आपण ग्रहापाशी येतो तितका अधिक वेग तिथे कमी करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे इंधन पृथ्वीवरूनच वाहून न्यावे लागते. इंधनाचे वजन वाढले की ते वाहून नेण्यासाठी पुन्हा अधिक इंधन लागते, आणि हा हिशेब फार लवकर हाताबाहेर जातो.

म्हणून मोहिमा आखणारे लोक लांबची, पण स्वस्त वाट धरतात. कॅसिनी १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले तेव्हा त्याचे वजन ५,७०० किलोंच्या वर होते, आणि त्यातले ३,००० किलोंहून अधिक निव्वळ इंधन होते. एवढे वजन सरळ शनीकडे फेकेल असे रॉकेट तेव्हा उपलब्ध नव्हते. म्हणून ते आधी सूर्याच्या दिशेने, शुक्राकडे गेले. शुक्राजवळून दोनदा, ऑगस्ट १९९९ मध्ये पृथ्वीजवळून आणि ३० डिसेंबर २००० रोजी गुरूजवळून जाताना त्याने प्रत्येक ग्रहाच्या सूर्याभोवतीच्या गतीतला किंचित हिस्सा उचलला. हा वेग फुकट मिळालेला नसतो. यानाला मिळतो तेवढा ग्रहाचा कमी होतो, पण ग्रहाच्या प्रचंड वस्तुमानामुळे ती घट मोजण्यापलीकडची असते.

५. गुरूचे गुरुत्वाकर्षण एवढे प्रचंड आहे, मग यान जवळ गेल्यावर आपोआप पकडले जात नाही का?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, आणि तो विचारणारे बहुधा नीट विचार करणारे असतात. उत्तर असे की जे गुरुत्वाकर्षण यानाला आत खेचते तेच त्याला बाहेर जाण्यापुरता वेगही देते. दूरवरून आलेले यान ग्रहाकडे पडताना जेवढा वेग कमावते, नेमका तेवढाच वेग बाहेर जाताना गमावते, आणि आधीचा वेग शिल्लक राहतो. त्या शिल्लक वेगामुळे ते निघून जाते. ग्रह त्याची दिशा वळवतो, पण त्याला धरून ठेवत नाही. गुरू कितीही मोठा असला तरी हा जमाखर्च बदलत नाही.

याला दोन अपवाद सांगायला हवेत. पहिला, सूर्याची ओढही एकाच वेळी काम करत असल्यामुळे फार मंद गतीने येणारी वस्तू गुरूच्या कक्षेत तात्पुरती अडकू शकते. मार्च १९९३ मध्ये सापडलेला शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू असाच गुरूभोवती फिरू लागला होता, त्याचे तुकडे झाले आणि जुलै १९९४ मध्ये ते गुरूवर आदळले. पण अशा मंद वाटेने यान नेण्याइतका वेळ कुणाकडे नसतो. दुसरा अपवाद ग्रहाच्या चंद्रांचा. योग्य बाजूने एखाद्या मोठ्या चंद्राजवळून गेले तर तो यानाचा थोडा वेग कमी करतो. गॅलिलिओ इंजिन पेटवण्याच्या काही तास आधी आयो या चंद्रापासून सुमारे ९०० किलोमीटरांवरून गेले, आणि त्याचे बरेच इंधन वाचले. तरीही इंजिन सुमारे ४९ मिनिटे चालवावेच लागले.

६. मग ग्रहाच्या इतक्या जवळ जाऊन, एवढा धोका पत्करून इंजिन का पेटवतात? दूरवरच सावकाश वेग कमी का करत नाहीत?

या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे, कारण कक्षाप्रवेशाची सारी कला यात आहे.

कॅसिनी शनीपासून फार दूर असताना शनीच्या तुलनेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर होता. तिथेच तो काढून टाकायचा ठरवला असता तर इंजिनाला जवळजवळ पूर्ण पाच किलोमीटरांचा वेग खाऊन टाकावा लागला असता. तेवढे इंधन त्या यानात मावलेच नसते. त्याऐवजी त्याला शनीच्या ढगांपासून सुमारे २०,००० किलोमीटरांपर्यंत पडू दिले. तिथे त्याचा वेग सेकंदाला ३१ किलोमीटरांच्या आसपास पोचला. त्या उंचीवर शनीच्या ओढीतून सुटायला लागणारा मुक्तिवेग सुमारे ३०.७ किलोमीटर आहे. म्हणजे यान मुक्तिवेगापेक्षा फक्त अर्ध्या किलोमीटराच्या आसपास पुढे होते. तेवढा वेग, आणि वर थोडा अधिक, कमी केला की ते शनीचे झाले. प्रत्यक्षात सेकंदाला ६२६ मीटर एवढा वेग कमी करण्यात आला. एकूण वेगाच्या तो सुमारे दोन टक्के भरतो.

दूर पाच किलोमीटर आणि जवळ अर्धा किलोमीटर, असा फरक का पडतो? ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. यान ३१ किलोमीटरांच्या वेगाने धावत असताना त्यातून अर्धा किलोमीटर काढला तर जी ऊर्जा जाते ती पाच किलोमीटरांच्या वेगातून अर्धा किलोमीटर काढल्यावर जाणाऱ्या ऊर्जेच्या सहापटीहून अधिक असते. म्हणून इंजिन सर्वांत वेगवान क्षणाच्या आसपास पेटवणे सर्वांत किफायतशीर ठरते. हर्मान ओबर्थ या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. जुनोने याचा आणखी फायदा घेतला. ते गुरूच्या ढगांवरून अवघ्या चार-पाच हजार किलोमीटरांवरून, सेकंदाला ५८ किलोमीटरांच्या आसपास वेगाने गेले, आणि त्याला फक्त ५४२ मीटर, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी वेग काढावा लागला.

या हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या क्षणी इंजिन सर्वाधिक उपयोगी पडते तो क्षण फार थोडा वेळ टिकतो आणि पुन्हा येत नाही. वर्षानुवर्षांचा प्रवास त्या तास-दीड तासावर येऊन ठेपतो. मला या मोहिमांत सर्वांत जास्त आदर वाटतो तो हा धोका डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक मिनिट आधी मोजून ठेवणाऱ्या लोकांचा.

७. आपले मंगळयानही कक्षेत शिरले होते. त्यापेक्षा हे काम किती अवघड?

वेग कमी करण्याच्या दृष्टीने पाहिले तर मंगळयानाचे काम मोठे होते, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयानाने सेकंदाला सुमारे १,०९९ मीटर वेग कमी केला. कॅसिनी आणि जुनोच्या तो जवळजवळ दुप्पट आहे. मंगळ लहान असल्यामुळे तो यानाला फारसा वेग देत नाही, आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेला फायदा तिथे कमी मिळतो.

इंजिनांची तुलना तर फारच बोलकी आहे. मंगळयानाच्या मुख्य इंजिनाचा जोर ४४० न्यूटन होता आणि कॅसिनीच्या इंजिनाचा ४४५ न्यूटन. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखीच. साधारण ४५ किलोंची वस्तू पृथ्वीवर उचलून धरायला लागेल तेवढाच हा जोर. मंगळयानाने त्याच्या जोडीला आठ लहान इंजिने चालवून सुमारे २३ मिनिटांत काम संपवले, कारण तेव्हा त्याचे वजन एक टनाच्या आत होते. कॅसिनी त्या वेळी चार टनांहून अधिक वजनाचे होते, म्हणून त्याला ९६ मिनिटे लागली आणि सुमारे ८५० किलो इंधन जळाले.

गुरू-शनीचे काम अवघड होते ते इतर कारणांनी: प्रवासाची लांबी, संदेश पोचायला लागणारा वेळ, सूर्यप्रकाशाची कमतरता, गुरूचा किरणोत्सार आणि शनीची कडी.

८. त्या वेळी पृथ्वीवरून यान कोण चालवत असते? काही चुकले तर बटण दाबून सुधारता येते का?

कुणीही चालवत नसते. कॅसिनीचा संदेश पृथ्वीवर यायला ८४ मिनिटे लागत होती आणि जुनोचा यायला ४८. भारतीय वेळेनुसार १ जुलै २००४ रोजी सकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी कॅसिनीचे इंजिन पेटले. ही बातमी पृथ्वीवर पोचली ८ वाजून ६ मिनिटांनी, आणि तोपर्यंत इंजिन बंद व्हायला जेमतेम बारा मिनिटे उरली होती. जुनोच्या वेळी तर इंजिन पेटल्याची खूण पोचण्याआधी तेरा मिनिटे ते काम संपवून बंदही झाले होते. आज्ञा पाठवायची तर तिला जायला पुन्हा तेवढाच वेळ लागला असता. म्हणून सगळ्या आज्ञा आधीच यानाच्या संगणकात भरलेल्या असतात, आणि इंजिन कधी बंद करायचे तेही यानच ठरवते: घड्याळावर विसंबून न राहता, आपल्या वेगात किती बदल झाला ते मोजून.

पृथ्वीवरचे लोक त्या वेळी काय पाहत असतात, असेही बरेच जण विचारतात. छायाचित्रे तर येतच नाहीत. इंजिन प्रवासाच्या दिशेला तोंड करून धरायचे असल्यामुळे यानाची मोठी अँटेना पृथ्वीकडे वळवलेली नसते. कॅसिनी त्या वेळी लहान अँटेनातून फक्त एक सलग रेडिओ लहर पाठवत होते, कुठलीही माहिती न भरलेली. यान मंदावू लागले की डॉप्लर परिणामाने त्या लहरीची वारंवारता बदलू लागते. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर एक रेषा आपला उतार बदलते, आणि त्या उतारावरून समजते की सूर्याहून दसपट दूर एक इंजिन नीट चालले आहे. जुनोने लहरीच्या जोडीला ठरावीक टप्प्यांवर निरनिराळे सूर पाठवले होते. मंगळयानाचे इंजिन चालू असताना ते मंगळाच्या आड गेले होते, त्यामुळे बंगळुरूतल्या लोकांना त्या वेळी तेवढीही रेषा दिसत नव्हती.

९. कॅसिनी ३० जूनला पोचले की १ जुलैला? जुनो ४ जुलैला की ५ जुलैला?

दोन्ही बरोबर आहे. या मोहिमा कॅलिफोर्नियातून चालवल्या गेल्या, आणि तिथे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. जुनोची बातमी पोचली ती अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री. आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती. शिवाय घटना यानापाशी घडली ती वेळ आणि तिचा संदेश पृथ्वीवर पोचला ती वेळ, अशा दोन वेळा नोंदवल्या जातात. या पानावरच्या तारखा भारतीय वेळेनुसार आहेत.

१०. शनीच्या कड्यांतून यान कसे काय सुखरूप गेले?

ते दाट कड्यांतून गेले नाही. एफ आणि जी या दोन कड्यांच्या मधल्या, दुरून रिकाम्या दिसणाऱ्या पट्ट्यातून ते दोनदा गेले: इंजिन पेटण्याआधी खालून वर आणि नंतर वरून खाली. हा पट्टा शनीच्या केंद्रापासून सुमारे १,५८,५०० किलोमीटरांवर आहे.

रिकामा पट्टा खरोखर रिकामा असेल याची खात्री नव्हती. सेकंदाला वीस किलोमीटरांहून अधिक वेगाने जाताना वाळूचा एक कणही यान निकामी करू शकतो. म्हणून कॅसिनीची चार मीटर रुंदीची मुख्य अँटेना ढालीसारखी पुढे धरण्यात आली. अँटेनाची ताटली मजबूत होती आणि तिला एखादे भोक पडले असते तरी तिचे काम फारसे अडले नसते. यानावरच्या रेडिओ आणि प्लाझ्मा लहरी मोजणाऱ्या उपकरणाने त्या पट्ट्यातून जाताना पाच मिनिटांहून कमी वेळात सुमारे एक लाख आघात नोंदवले. कण धुराच्या कणांइतके सूक्ष्म होते, आणि यानाला काही झाले नाही.

११. इंजिन पेटलेच नाही, किंवा मधेच बंद पडले, तर काय होते?

महाकाय ग्रहाच्या बाबतीत मोहीम बहुधा तिथेच संपते. यान ग्रहाजवळून पुढे निघून जाते आणि परत आणायला इंधन पुरत नाही. जपानच्या आकात्सुकी यानाचे उदाहरण आशा देणारे आहे. ७ डिसेंबर २०१० रोजी शुक्रापाशी त्याचे मुख्य इंजिन बिघडले आणि ते सूर्याभोवती फिरत राहिले. बरोबर पाच वर्षांनी, ७ डिसेंबर २०१५ रोजी, दिशा बदलण्यासाठी असलेल्या लहान इंजिनांनी त्याला शुक्राच्या कक्षेत नेण्यात आले. पण शुक्र आणि पृथ्वी सूर्याभोवती लवकर फिरतात, त्यामुळे दुसरी संधी काही वर्षांत आली. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात.

म्हणून खबरदारी आधीच घेतली जाते. कॅसिनीला दोन मुख्य इंजिने होती. एक बिघडले तर संगणक स्वतः दुसरे चालू करणार होता. एरवी काही बिघाड दिसला की यान सर्व कामे थांबवून पृथ्वीकडे तोंड करून वाट पाहते. कक्षाप्रवेशाच्या वेळी हीच सवय घातक ठरली असती, म्हणून त्या काळापुरता नियम बदलला जातो: बिघाड झाला तरी सावरायचे आणि इंजिन पुन्हा चालू करायचे.

१२. एवढे दाट वातावरण आहे, तर त्याच्याशी घर्षण करून वेग कमी का करत नाहीत?

तत्त्वतः शक्य आहे, पण महाकाय ग्रहापाशी ते कुणी केलेले नाही. गुरूच्या ढगांपाशी मुक्तिवेग सेकंदाला सुमारे साठ किलोमीटर आहे. गॅलिलिओने सोडलेली शोधकुपी सेकंदाला ४७ किलोमीटरांहून अधिक वेगाने वातावरणात घुसली, तेव्हा तिच्या उष्णतारोधक कवचाचा मोठा हिस्सा जळून गेला; ती आत उतरून सुमारे ५८ मिनिटे माहिती पाठवत राहिली. लांब अँटेना, दांडे आणि सौर पंख असलेल्या यानाला असे कवच चढवणे वजनाच्या हिशेबात बसत नाही.

१३. कक्षेत शिरल्यावर लगेच काम सुरू होते का?

थोडे लगेच, बरेचसे नंतर. पहिली कक्षा मुद्दाम फार लांबट ठेवलेली असते, कारण ती आखूड करायची तर आणखी इंधन लागते. कॅसिनीची पहिली फेरी सुमारे चार महिन्यांची होती. दुसऱ्यांदा शनीजवळ येताना ते कड्यांच्या फार जवळ जाऊ नये म्हणून ऑगस्ट २००४ मध्ये इंजिन पुन्हा चालवून त्याची वाट दूर सरकवली. त्यानंतर टायटन हा मोठा चंद्रच त्याचे इंजिन बनला: १२७ वेळा टायटनजवळून जाऊन त्याने आपली कक्षा हवी तशी वळवून घेतली. इंजिन चालवण्याऐवजी चंद्राकडून काम करून घेण्याची ही हिकमत मला कक्षाप्रवेशाइतकीच थोर वाटते.

जुनोची गोष्ट वेगळी आहे. त्याची पहिली कक्षा सुमारे ५३ दिवसांची होती आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये इंजिन पुन्हा चालवून ती १४ दिवसांवर आणायची होती. पण त्याआधीच्या तपासणीत इंजिनाच्या यंत्रणेतले हीलियमचे दोन व्हॉल्व्ह काही सेकंदांत उघडण्याऐवजी काही मिनिटे घेऊ लागले. इंजिन वेडेवाकडे चालले असते तर यान भलत्याच कक्षेत गेले असते. म्हणून इंजिन न चालवण्याचा निर्णय झाला. प्रत्येक फेरीत यान गुरूच्या तितक्याच जवळून जात होते, त्यामुळे निरीक्षणांचा दर्जा घटला नाही. ती पूर्ण व्हायला अधिक काळ लागला, एवढेच. माझ्या मते हा फार शहाणपणाचा निर्णय होता.

१४. तिथे ऊन किती असते? सौर पॅनेल चालतात का?

गुरूपाशी पृथ्वीच्या सुमारे पंचविसावा हिस्सा आणि शनीपाशी नव्वदावा. गॅलिलिओ आणि कॅसिनीने म्हणून प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज बनवली. जुनोने सुमारे नऊ मीटर लांबीच्या तीन सौर पंखांवर काम चालवले. गुरूपाशी पोचल्यावर त्यांपासून सुमारे ५०० वॅट वीज मिळत होती. घरातली इस्त्री चालवायलाही ती पुरणार नाही.

१५. गुरूच्या किरणोत्साराचा एवढा बाऊ का केला जातो?

कारण तो खरोखर यंत्रे मारतो. गुरूचे चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना अतिशय वेगाने फिरवत ठेवते, आणि ते कण संगणकाच्या स्मृतीत चुका घडवतात, सौरघट आणि कॅमेरे निकामी करत जातात. जुनोचा मेंदू म्हणून टायटॅनियमच्या जाड पेटीत बंद केलेला आहे, आणि त्याची ध्रुवांवरून जाणारी लांबट कक्षा सर्वांत वाईट पट्टे टाळते.

१६. युरेनस आणि नेपच्यूनभोवती अजून एकही यान का नाही?

व्हॉएजर २ हे एकच यान तिथे गेले, २४ जानेवारी १९८६ रोजी युरेनसपाशी आणि २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनपाशी, आणि दोन्ही वेळा पुढे निघून गेले. प्रश्न ४ मध्ये सांगितलेला पेच इथे टोकाला जातो: कमी इंधनाची वाट धरली तर नेपच्यूनपर्यंत तीस वर्षांच्या आसपास लागतात, आणि लवकर पोचले तर थांबण्याइतके इंधन नेता येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहशास्त्रज्ञांनी पुढच्या दशकासाठीच्या शिफारशींत युरेनसच्या कक्षेत यान पाठवण्याला मोठ्या मोहिमांत पहिले स्थान दिले.

१७. एवढ्या कष्टाने पाठवलेले यान शेवटी ग्रहात टाकून नष्ट का करतात?

तिथल्या चंद्रांच्या रक्षणासाठी. गुरूच्या युरोपावर आणि शनीच्या एन्सेलॅडसवर बर्फाखाली पाण्याचा समुद्र आहे, आणि एन्सेलॅडसमधून उडणारे पाण्याचे फवारे कॅसिनीनेच शोधले. इंधन संपलेले यान भरकटून अशा चंद्रावर पडले तर पृथ्वीवरचे जंतू तिथे पोचू शकतात, आणि मग तिथे जीव सापडला तरी तो कुठला हे कळणार नाही. म्हणून गॅलिलिओ २२ सप्टेंबर २००३ रोजी (अमेरिकेत तेव्हा २१ तारीख होती) गुरूमध्ये आणि कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीमध्ये सोडण्यात आले. त्याआधी कॅसिनीने शनी आणि कड्यांच्या मधून २२ फेऱ्या मारल्या. असा धोका आधी घेता आला नसता.

१८. शनीभोवती यान फिरल्याने साडेसातीवर काही परिणाम होतो का?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवे. श्रद्धेबद्दल ज्याने त्याने ठरवावे. मी खगोलशास्त्रापुरते सांगतो. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ९५ पट आहे, आणि काही टनांच्या यानाने त्याच्या गतीत मोजता येईल असा कसलाही बदल होत नाही. पंचांगातले शनीचे स्थान पूर्वी होते तसेच राहिले. उलट, कॅसिनीच्या रेडिओ लहरींवरून शनी आकाशात नेमका कुठे आहे हे काही किलोमीटरांच्या अचूकतेने कळू लागले, म्हणजे ग्रहगणित अधिक सुधारले.

१९. यापुढे कोणती याने पोचणार आहेत? ग्रहाऐवजी त्याच्या चंद्राभोवतीच फिरता येईल का?

दोन याने वाटेवर आहेत. नासाचे युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले, १ मार्च २०२५ रोजी मंगळाजवळून गेले आणि एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचे आहे. युरोपीय अंतराळ संस्थेचे ज्यूस १४ एप्रिल २०२३ रोजी निघाले आणि ते जुलै २०३१ मध्ये पोचेल. तेही गॅलिलिओप्रमाणे आधी एका चंद्राची, गॅनिमीडची, मदत घेणार आहे.

चंद्राभोवती फिरण्याचा प्रश्न मोठा मार्मिक आहे, कारण दोन्ही यानांनी त्याचे उत्तर वेगवेगळे दिले आहे. क्लिपरला युरोपाचा अभ्यास करायचा आहे, पण ते युरोपाभोवती फिरणार नाही. युरोपा किरणोत्साराच्या दाट भागात आहे, आणि तिथे कायम राहिले तर यान काही महिन्यांत निकामी होईल. म्हणून ते गुरूभोवतीच्या लांब कक्षेत राहून जवळजवळ ५० वेळा युरोपाजवळून जाईल आणि प्रत्येक वेळी बाहेर निघून माहिती पाठवेल. गॅनिमीड गुरूपासून अधिक दूर असल्यामुळे तिथे किरणोत्सार बराच कमी असतो. म्हणून ज्यूस गुरूभोवती सुमारे साडेतीन वर्षे फिरल्यावर, २०३४ च्या अखेरीस, इंजिन पुन्हा चालवून गॅनिमीडच्या कक्षेत शिरेल. आपला चंद्र सोडून दुसऱ्या कुठल्याही ग्रहाच्या चंद्राभोवती फिरणारे ते पहिले यान असेल.